टर्बो इंजिनाला ऑइल कॅच कॅन कधी लावावा, कधी लावू नये

टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांच्या गप्पांत ऑइल कॅच कॅनचा विषय हमखास निघतो. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, आणि कॅच कॅन म्हणजे इंजिनातून पुन्हा हवेच्या वाटेत जाणाऱ्या वायूतलं ऑइल अडवून साठवणारा डबा. एक म्हणतो, लावल्याशिवाय गाडी चालवूच नकोस. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात. आपापल्या गाडीपुरते दोघंही बरोबर असू शकतात. कारण या डब्याचा उपयोग तीन गोष्टींवर ठरतो: इंजिनात पेट्रोल कुठे फवारलं जातं, क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकशाफ्टच्या पोकळीतला, वायू कुठल्या पाइपाने बाहेर येतो, आणि गाडी बहुतेक वेळ कुठे फिरते. तिसऱ्या गोष्टीचा विचार फारच कमी लोक करतात. पुण्यात रोज कर्वे रोडचे सिग्नल मोजणारी गाडी आणि दर आठवड्याला बोरघाट चढणारी गाडी एकाच मॉडेलच्या असल्या, तरी त्यांचं ऑइल वेगवेगळ्या वाटेने इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या मार्गात, जातं. म्हणून डबा घ्यायच्या आधी ही वाट समजून घ्यायला हवी.

वायू येतो कुठून

सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं की प्रचंड दाब तयार होतो. टर्बो इंजिनात जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो. पिस्टनच्या रिंगा हा दाब वरच्या वर अडवतात, पण रिंग ही अखंड कडी नसते. तिच्या दोन टोकांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर तापून फुगल्यावर ती सिलिंडरमध्ये आवळून बसेल. मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढ्या या फटीतून आणि रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. शोरूममधून काल बाहेर पडलेल्या गाडीतही तो असतो. रिंगा झिजल्या की वाढतो, एवढाच फरक.

या वायूत जळून उरलेले वायू असतात, थोडं न जळलेलं पेट्रोल असतं आणि भरपूर पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे अनेकांना माहीत नसतं. डिसेंबरात सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून टपकतं ते हेच पाणी. त्यातला थोडा वाटा ब्लो-बायबरोबर खाली उतरतो. तिथे क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असतो, त्यामुळे ऑइलचं बारीक धुकं कायम तरंगत असतं. वायू, पेट्रोल, पाणी आणि ऑइल असं सगळं तिथे एकत्र येतं.

हे मिश्रण आत साठू देऊन चालत नाही. दाब वाढला की सील आणि गॅस्केट गळायला लागतात, आणि पाणी-पेट्रोल मिसळून चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल लवकर निकामी होतं. पूर्वीच्या गाड्यांत क्रँककेसमधून एक नळी खाली सोडलेली असे आणि सगळा वायू सरळ रस्त्यावर जाई. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत बंद करायला लावली आणि वायू पुन्हा इनटेकमध्ये घेऊन इंजिनातच जाळायची व्यवस्था सक्तीची केली. तीच पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या तोंडी असलेला पीसीव्ही. व्यवस्था चांगलीच आहे. फक्त वायूबरोबर ऑइलचं धुकंही इनटेकमध्ये जातं, आणि आपला सगळा प्रश्न त्या धुक्याचा आहे.

टर्बोत वाटा दोन

साध्या पेट्रोल इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यात, नेहमी बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे मॅनिफोल्ड पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसचा वायू आपोआप ओढून घेतो. टर्बोत हे चित्र पायाखालच्या पेडलप्रमाणे बदलत राहतं.

गाडी सिग्नलला उभी आहे, किंवा डेक्कनच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये सरकते आहे, अशा वेळी टर्बो दाब देत नाही. मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा असतो आणि वायू त्या वाटेने जातो. बहुतेक रचनांमध्ये याच वेळी टॅपेट कव्हरवरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरच्या, दुसऱ्या पाइपाने, म्हणजे ब्रीदरने, एअर फिल्टरकडची ताजी हवा क्रँककेसमध्ये येते आणि आतली वाफ बाहेर ढकलते.

आता तीच गाडी खंबाटकीचा चढ चढायला लागली. टर्बोने दाब धरला, मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब आला. हा दाब क्रँककेसमध्ये घुसू नये म्हणून पीसीव्हीकडची वाट बंद होते. पण ब्लो-बाय तर याच वेळी सगळ्यात जास्त असतो! तो मग ब्रीदरच्या पाइपाने उलटा बाहेर येतो आणि टर्बोच्या तोंडाशी जाऊन मिळतो, कारण तिथे कॉम्प्रेसर हवा ओढत असतो. ऑइलचं धुकं आधी कॉम्प्रेसरच्या पंख्यावर, मग पाइपांत, मग दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये बसत जातं. इंटरकूलर थंड असल्यामुळे तिथे ते जास्त साचतं. सर्व्हिसिंगमध्ये इंटरकूलरचा पाइप काढल्यावर आतून ऑइलचा हलका थर दिसला तर घाबरायचं कारण नाही. बोट फिरवल्यावर ओलसर लागणं नेहमीचं आहे. पाइप तिरका केल्यावर धार लागली तर मात्र टर्बोचं सील किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासायला हवा.

बाजारात बसवून मिळणारे बरेचसे कॅन फक्त ब्रीदरच्या पाइपावर लावले जातात, कारण तो पाइप वरच असतो, हाताला येतो आणि अर्ध्या तासात काम उरकतं. पण ज्याची गाडी नव्वद टक्के वेळ शहरात हळूहळू चालते, त्याचं धुकं पीसीव्हीच्या वाटेने जातंय. त्याच्या ब्रीदरवरच्या डब्यात सहा महिन्यांनी चार थेंब सापडतात आणि तो म्हणतो, माझं इंजिन एकदम स्वच्छ आहे. इंजिन स्वच्छ आहे की नाही ते त्या डब्याला कळायला मार्गच नाही. शहरातल्या गाडीला कॅन हवा तो पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये. घाटात आणि एक्सप्रेसवेवर जोरात चालणाऱ्या गाडीला ब्रीदरवर. दोन्ही करणाऱ्याला दोन कॅन, किंवा दोन तोंडांचा आणि मध्ये चेक व्हॉल्व्ह (वायू एकाच दिशेने सोडणारी झडप) असलेला एक.

काही नव्या इंजिनांत पीसीव्हीची वाट ब्लॉकमध्ये किंवा टॅपेट कव्हरमध्येच ओतलेली असते, बाहेर पाइपच नसतो. अनेक कंपन्या आत स्वतःचा ऑइल सेपरेटरही देतात. अशा इंजिनाला बाहेरून कॅन जोडायचा तर मूळ रचना तोडावी लागते. तिथे माझं स्पष्ट मत आहे की कॅनचा नाद सोडावा.

डायरेक्ट इंजेक्शनचा खरा त्रास

जुन्या पद्धतीत, म्हणजे पोर्ट इंजेक्शनमध्ये, पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर फवारलं जातं. पेट्रोल चांगलं धुतं, त्यात साफ करणारी रसायनंही असतात. त्यामुळे व्हॉल्व्हवर आलेलं ऑइल टिकत नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा स्पर्शही होत नाही. तापलेल्या व्हॉल्व्हवर ऑइलचं धुकं बसतं, भाजतं, त्यावर पुढचा थर बसतो. पेट्रोलमध्ये कितीही महागडं क्लीनर टाकलं तरी ते तिथे पोहोचत नाही.

धायरीतल्या एका गॅरेजमध्ये बऱ्याच चाललेल्या अशा एका गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड उतरवताना मी जवळ उभा होतो. हेडच्या पोर्टमध्ये टॉर्च मारल्यावर व्हॉल्व्हचा देठ आणि त्याच्या पाठीचा गोल भाग दिसायला हवा. दिसत होती ती खडबडीत काळी पपडी. फिटरने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि म्हणाला, "दादा, बोट लावून बघा. वरून ओलं लागतं, आत टणक आहे." टोकाने खरवडलं की पापुद्रे निघत, पण खालचा थर हलत नव्हता. सकाळी थंड इंजिन धडधडणं, आयडलिंगला मिसिंग, पिकअप हळूहळू कमी होणं ही गाडीमालकाची तक्रार होती. असे व्हॉल्व्ह साफ करायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. टरफल कार्बन सोडवतं आणि व्हॉल्व्हच्या धातूला ओरखडा पडत नाही. काम चांगलं होतं, पण मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

म्हणून आधी आपलं इंजिन कुठलं ते बघा. कुशाक, स्लाविया, टायगून, व्हर्टस या चाकणला बनणाऱ्या गाड्यांची टीएसआय इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची आहेत. ह्युंदाई-किआचं १.० टी-जीडीआय आणि मारुतीचं १.० बूस्टरजेटही तसंच. रांजणगावच्या नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोल मात्र पोर्ट इंजेक्शनचं आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये तर दोन्ही प्रकारची १.२ टर्बो इंजिनं मिळतात, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. पोर्ट इंजेक्शनवाल्याला कॅनने फायदा होतो तो पाइप आणि इंटरकूलर कोरडे राहण्यापुरता. त्यासाठी मी तरी गाडीत बदल करणार नाही.

ऑइल सिलिंडरपर्यंत पोहोचल्याचा आणखी एक तोटा आहे. ऑइलमुळे मिश्रण लवकर पेट घेतं. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर जास्त जोर मागितला, की कधी कधी स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनवर घातक दणका बसतो. ऑइलचे थेंब हे त्याचं एक कारण मानलं जातं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही ऑइलची मानकं आणली, त्यात या प्रकाराविरुद्धची चाचणी आहे. कॅन लावा अथवा न लावा, अशा गाडीत कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घाला आणि चौथ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असताना ॲक्सिलरेटर तळाला दाबू नका. एक गिअर खाली घ्या. हे फुकटातलं काम कॅनपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे ईजीआरची, म्हणजे पुन्हा इनटेकमध्ये सोडलेल्या एक्झॉस्ट वायूची, काजळी आणि ऑइलचं धुकं मिळून मॅनिफोल्डमध्ये काळा चिखल होतो. कॅन त्यातल्या ऑइलचा वाटा कमी करतो, काजळीचा नाही. पण डिझेल इंजिन इनटेकमधून आलेल्या ऑइलवरही चालू शकतं. कॅन काठोकाठ भरला आणि ते ऑइल एकदम ओढलं गेलं, तर इंजिन बेफाम धावतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. डबा नियमित रिकामा करणं जमणार नसेल तर डिझेलला तो लावू नये.

डबा कसा असावा

कॅनचं काम साधं आहे. वायू मोठ्या जागेत आला की त्याचा वेग मंदावतो. आतल्या आडव्या पट्ट्यांवर आणि जाळीवर आपटून ऑइलचे कण चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खाली गळतात. डब्याची भिंत थंड असली की वाफही तिथेच निवते. उरलेला वायू पुढे इनटेकमध्ये जातो.

स्वस्तातले बरेच डबे आतून रिकामे असतात. झाकणावर शेजारी-शेजारी दोन तोंडं, वायू एकातून येतो आणि सरळ दुसऱ्यातून जातो. ऑइल अडायला काही नाहीच. विकत घेताना झाकण उघडून आत बघा. आत येणारी नळी खोल उतरलेली हवी, मध्ये पट्ट्या हव्यात, जाळी पक्की बसवलेली हवी. रिकाम्या डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून देणारेही भेटतात. त्यांना ठाम नाही म्हणा. तिचे तुकडे सुटले तर ते थेट टर्बोच्या पंख्यात किंवा सिलिंडरमध्ये जातील. साधारण ३०० ते ७०० मिलिलिटरचा डबा पुरे, खाली निचऱ्याचा कॉक आणि पातळी दिसायची सोय असलेला.

वरती छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणारे उघडे कॅनही मिळतात. रस्त्यावरच्या गाडीला ते लावूच नयेत. पेट्रोल-ऑइलचा वास एसीतून केबिनमध्ये येतो, क्रँककेसमधली ओढ गेल्याने वाफ आत साठते, आणि ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर आहे तिथे न मोजलेली हवा आत शिरून चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. शिवाय ते नियमात बसत नाही. गाडीला मान्यता देताना क्रँककेसमधून वायू बाहेर पडत नाही ना, याची वेगळी चाचणी असते. आपल्या कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते, हे पुणेकरांना सांगायला नको. पीयूसीत गाडी पास झाली म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. पीयूसीची नळी फक्त सायलेन्सरमध्ये जाते.

बसवताना

पाइप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. नाना पेठेत गेलात तर नुसता 'ऑइलचा पाइप' मागू नका. पेट्रोल आणि ऑइल सोसणारा नायट्रिल रबरचा पाइप मागा आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये सांगा. तो कंपनीच्या मूळ पाइपापेक्षा कमी नको, नाहीतर क्रँककेसमध्ये दाब साठेल. रंगीत साधा सिलिकॉन पाइप छान दिसतो, पण ऑइलने फुगतो आणि मऊ पडतो. पीसीव्हीकडच्या पाइपाला भिंतीची जाडी हवी, कारण ओढीने पातळ पाइप चपटा होतो.

डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, हवा लागेल अशा जागी, आणि शक्यतो टॅपेट कव्हरपेक्षा खाली बसवावा. पाइपात मध्येच झोळ राहू देऊ नका, तिथे पाणी साचून वाट बंद होते. ब्रॅकेट बॉडीला लावला असेल तर पाइपाला थोडी ढील ठेवा, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि बॉडी हलत नाही. ब्रॅकेट पत्र्याच्या पट्टीचा नको. भोसरीत एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीचा करून घ्या, आपल्या रस्त्यांवर पातळ पट्टी तुटतेच. कंपनीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून टाकू नका. तो जागेवर राहू द्या आणि कॅन त्याच्या पुढे जोडा. इन आणि आउट उलटे लागले तर अडवायची सगळी रचना वाया जाते, तेव्हा क्लिपा आवळायच्या आधी एकदा वायूची दिशा बोटाने दाखवत मेकॅनिककडून वदवून घ्या. मूळ पाइप जपून ठेवा.

काम झाल्यावर इंजिन गरम करून ऐका. फुसफुस ऐकू आली तर कुठेतरी हवा ओढली जातेय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) असेल तर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे बसवण्याआधी आणि नंतर टिपून ठेवा. आकडा वर सरकला तर गळती आहे, डबा कितीही चांगला असो.

वॉरंटीतल्या गाडीला कॅन लावू नये असंच मी सांगेन. उद्या टर्बो किंवा इंजिनाचं मोठं काम निघालं, तर सर्व्हिस सेंटर पहिलं बोट त्या डब्याकडे दाखवणार. आणि जे इंजिन ऑइल खायला लागलंय, ऑइलची टोपी उघडल्यावर धूर फेकतंय, त्याला कॅनने बरं वाटत नाही. तिथे आधी कम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का आणि तो कुठून गळतो याच्या चाचण्या, करा. रिंगा गेल्या असतील तर डबा आठवड्यात भरेल, एवढंच. वॉरंटी संपलेली, धडधाकट, डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो गाडी पुढे बरीच वर्षं वापरायची असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. तरीही ईजीआर आणि व्हॉल्व्हच्या सीलमधून येणारी घाण राहतेच, त्यामुळे व्हॉल्व्ह कधीच काळे होणार नाहीत असं वचन कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

रिकामा करताना

पहिल्यांदा हजार किलोमीटरला उघडा. आत शुद्ध ऑइल मिळेल अशी अपेक्षा असते. कॉक उघडल्यावर येतो तो बऱ्याचदा दुधाच्या चहासारख्या रंगाचा, पेट्रोलचा उग्र वास मारणारा पातळ द्रव. हे बघून हेड गॅस्केट गेलं, कूलंट ऑइलमध्ये शिरलं म्हणून धावत सुटू नका. सकाळी पोराला शाळेत सोडून परत, संध्याकाळी भाजी आणायला, असे दोन-तीन किलोमीटरचे फेरे असले की ऑइल पुरतं तापत नाही, पाणी उडून जात नाही आणि ते डब्यात येऊन निवतं. पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत हे जास्त दिसतं. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर काळजी नको. उलट आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग बाहेर न्या, चेंबरमधलंही पाणी कमी होईल. थंडीत डबा गोठून वाट बंद होण्याची भीती हिमाचलात खरी आहे, पुण्यात नाही.

पहिल्या वेळी किती निघालं ते मापाच्या बाटलीत बघून लिहून ठेवा आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधा. दोन-तीन हजार किलोमीटरला एकदा बघणं बहुतेकांना पुरतं, पावसाळ्यात थोडं लवकर. डबा निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्याच अंतरात अचानक दुप्पट निघायला लागलं, तर ती रिंगांची किंवा पीसीव्ही व्हॉल्व्हची सूचना समजून गॅरेज गाठा. निघालेला द्रव पुन्हा इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि पेट्रोल आहे. सोसायटीच्या गटारातही नको, ते पाणी शेवटी मुठेत जातं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या बाटलीत साठवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात ओता.